व्हीपीएन चालू असलं की वेबसाइट आडवी का येते?

व्हीपीएन चालू करून एखादी साइट उघडावी, तर कधी ‘मी रोबोट नाही’ या चौकोनात खूण करावी लागते, कधी सिग्नलचे आणि मोटारसायकलींचे फोटो निवडत बसावं लागतं, कधी लॉगिनच होत नाही, आणि कधी ‘४०३’, म्हणजे ‘प्रवेश नाही’, एवढा आकडा दाखवून साइट मोकळी होते. काही बँकांची ॲप तर ‘आधी व्हीपीएन बंद करा’ असं स्पष्टच सांगतात. यावर बहुतेकांचा पहिला तर्क असा असतो : यांना माझी माहिती हवी आहे, ती मिळत नाही म्हणून हा राग. त्यात थोडं तथ्य आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या साइटना तुम्ही कुठून आलात हे कळायला हवंच असतं. पण अडवण्याचं मुख्य कारण ते नाही. वेबसाइटला तुम्ही दिसतच नाही. तिला दिसतो एक पत्ता, आणि त्या पत्त्यावरून तुमच्या आधी जे कोणी येऊन गेले त्यांच्या वागण्याचा हिशेब तुमच्या नावावर मांडला जातो.

इंटरनेटवर आपण काहीही मागितलं की त्या मागणीवर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. तो असावाच लागतो, नाहीतर उत्तर कुठे पाठवायचं हे समोरच्या सर्व्हरला कळणार नाही. घरच्या वायफायवरून गेलात तर हा पत्ता तुमच्या इंटरनेट कंपनीने दिलेला असतो. व्हीपीएन चालू केलं की तुमचा फोन आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरशी सांकेतिक भाषेत बोलायला लागतो. सगळी ये-जा त्या सर्व्हरमार्फत होते आणि वेबसाइटकडे तो सर्व्हर स्वतःच्या पत्त्याने जातो. त्यामुळे तुमची इंटरनेट कंपनी किंवा कॅफेचं वायफाय चालवणारा माणूस, यांना तुम्ही कोणती साइट पाहताय ते कळत नाही. आणि साइटला तुमचा खरा पत्ता कळत नाही.

आता अडचण अशी, की व्हीपीएन कंपनीचे ग्राहक लाखोंनी असतात आणि पत्ते त्या मानाने मोजके. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे पत्ते जगात मुळातच सुमारे ४२९ कोटी आहेत. त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. आता हे पत्ते बहुतेक वेळा विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात. शिवाय एका पत्त्यामागे जितकी माणसं जास्त, तितकं त्यातल्या एकाला वेगळं ओळखणं अवघड, हे तर व्हीपीएनवाल्यांना हवंच असतं. गर्दीत मिसळून जाणं हा व्हीपीएनचा गुण आहे, आणि वेबसाइटच्या दारात तोच आपल्या अंगाशी येतो.

एसटी स्टँडसमोरच्या लॉजचा विचार करा. रोज नवे शंभर लोक तिथे उतरतात आणि सगळे पत्ता म्हणून त्या लॉजचंच नाव सांगतात. शेजारच्या दुकानदाराला त्यातल्या दोघांनी टोपी घातली, की पुढच्या वेळी लॉजचं नाव ऐकूनच तो उधारीला नकार देतो. समोरचा माणूस कोण आहे हे तपासायला त्याच्याकडे साधन नसतं.

वेबसाइट चालवणाऱ्याच्या बाजूने हे कसं दिसतं ते जरा जवळून बघू. समजा एका मध्यम आकाराच्या ऑनलाइन दुकानाचा सर्व्हर आहे. येणाऱ्या प्रत्येक मागणीची एक ओळ तो लॉगमध्ये लिहितो : वेळ, पत्ता, काय मागितलं, काय उत्तर दिलं. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी २०३.०.११३.४५ या पत्त्यावरून लॉगिनची मागणी येते, पासवर्ड चूक. पुढच्याच सेकंदाला त्याच पत्त्यावरून दुसऱ्या ईमेलने लॉगिन, पासवर्ड चूक. मग तिसरा ईमेल, चौथा, पाचवा. मिनिटभरात अशा दीडशे ओळी, प्रत्येक ओळीत नवा ईमेल. त्यातल्या दोन ओळींमध्ये मात्र पासवर्ड बरोबर आलेला आहे. या दोघांची अकाउंट आता चोराच्या हातात गेली. दुसरीकडे कुठेतरी फुटलेल्या पासवर्डांची यादी घेऊन कोणीतरी ती इथे चालवून पाहतंय, आणि या दोघांनी दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला होता. या दीडशे ओळींच्या मध्येच कुठेतरी एक ओळ अशीही आहे, की त्याच पत्त्यावरून कोणीतरी चपलांचा एक जोड पाहिला आणि कार्टमध्ये टाकला. ती ओळ तुमची.

सिस्टीम ॲडमिन सकाळी हा लॉग उघडतो तेव्हा तुमच्या ओळीकडे त्याचं लक्षही जात नाही. तो त्या पत्त्यावर बंदी घालतो. आठवडाभरात त्याच डेटा सेंटरमधले, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या एकाच जागेतले, आणखी वीस पत्ते असेच निघाले, तर सुटे पत्ते वेचत बसण्याऐवजी तो तिथल्या पत्त्यांची अख्खी पट्टीच बंद करतो. मला त्याचा राग येत नाही. फसलेल्या ग्राहकाचा फोन घ्यायचं काम त्याच्याच माणसांकडे येणार असतं.

पासवर्डचा मारा हा एक प्रकार झाला. चोरलेली कार्डं चालतात का हे बघायला छोट्या छोट्या रकमा वापरून पाहणं, एकाच माणसाने पन्नास अकाउंट काढून पहिल्या ऑर्डरची सूट पन्नासदा घेणं, मैफिलीची तिकिटं बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लावून उचलणं, साइटवरचा सगळा मजकूर आणि किमती उपसून नेणं, ही सगळी कामं करणाऱ्याला रोज नवा पत्ता लागतो, आणि व्हीपीएन तो महिन्याला दोन-चारशे रुपयांत देतं. अलीकडे एआय कंपन्यांसाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटची भर पडल्यापासून अनेक साइटनी लॉगिन न केलेल्या व्हीपीएनवाल्यांना सरसकट अडवायला सुरुवात केली आहे.

टॉर या नेटवर्कच्या बाबतीत हा वाद २०१६ मध्ये जाहीरपणे झाला. टॉर हे व्हीपीएनचं भावंड म्हणता येईल, फक्त तिथे मधे एक नाही तर तीन टप्पे असतात आणि ते स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. असंख्य साइटना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी तेव्हा लिहिलं, की टॉरमधून आमच्याकडे येणाऱ्या मागण्यांपैकी ९४ टक्के मागण्या उपद्रवी असतात. टॉरच्या लोकांनी हा आकडा मान्य केला नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं : एका पत्त्यावरून एकदा उपद्रव झाला म्हणून पुढचं सगळं उपद्रवी धरलं, तर आकडा फुगणारच. शिवाय मागण्या मोजणं वेगळं आणि माणसं मोजणं वेगळं. एक बॉट मिनिटाला हजार मागण्या करतो, तेवढ्या वेळात माणूस एखादं पान वाचतो.

मुळात हा पत्ता व्हीपीएनचा आहे हे साइटला कळतं कसं? यात जादू काही नाही. जगातले आयपी पत्ते कोणत्या संस्थेकडे नोंदलेले आहेत हे उघडपणे बघता येतं. घरातल्या माणसाचा पत्ता जिओ, एअरटेल, बीएसएनएल अशा कंपनीच्या नावावर असतो. तुमचा पत्ता एखाद्या डेटा सेंटरच्या नावावर निघाला, तर सर्व्हर ठेवण्याच्या जागी बसून कोण चपला विकत घेतंय, हा प्रश्न साइटला पडणारच. मॅक्समाइंडसारख्या कंपन्या अशा पत्त्यांच्या याद्या विकतात, त्यात देश, शहर आणि ‘हा व्हीपीएनचा आहे’ अशी खूणही असते. या याद्या करणारे काय करतात, तर व्हीपीएनचं सबस्क्रिप्शन स्वतःच घेतात, एकेका सर्व्हरला जोडून बाहेर कोणता पत्ता दिसतो ते टिपून ठेवतात.

याशिवाय ब्राउझर स्वतः बरंच बोलून जातो. पत्ता फ्रँकफर्टचा, पण ब्राउझरमधलं घड्याळ ‘एशिया/कोलकाता’ आणि पसंतीची भाषा मराठी, असं असलं की विसंगती लगेच उघडी पडते. बँका आणखी एक गोष्ट बघतात. दहा वाजता पुण्यातून लॉगिन आणि दहा वाजून पाच मिनिटांनी ॲमस्टरडॅममधून, हे कोणत्याच माणसाला शक्य नाही. एकतर व्हीपीएन आहे किंवा अकाउंट चोराच्या हातात आहे. यातलं कोणतं, हे बँकेला बाहेरून सांगता येत नाही, आणि पैशांच्या बाबतीत ती वाईट शक्यता धरून चालते. बँकेने असं वागणं मला पूर्णपणे पटतं.

सिनेमा-मालिकांच्या साइटचं कारण निराळं आहे. तिथे प्रश्न करारांचा असतो. ६ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्सने एका दमात १३० नव्या देशांत सेवा सुरू केली, भारत त्यातलाच. तोवर बाहेरच्या देशांतले हौशी प्रेक्षक व्हीपीएन लावून अमेरिकेतलं नेटफ्लिक्स बघत होते आणि कंपनी फारशी आडकाठी करत नव्हती. त्यानंतर आठच दिवसांत, १४ जानेवारीला, तिने जाहीर केलं की यापुढे प्रॉक्सी, म्हणजे व्हीपीएनसारखा मधला सर्व्हर, वापरणाऱ्यांना ते प्रत्यक्ष ज्या देशात आहेत तिथलंच बघता येईल. कारण उघड होतं. सिनेमाचे हक्क देशवार विकले जातात. एका देशात ज्याने पैसे मोजून हक्क घेतले, त्याचा प्रेक्षक दुसऱ्या देशाच्या दारातून आत जात असेल, तर पुढच्या वेळी तो एवढे पैसे कशाला देईल?

आपल्याकडे हे आयपीएलच्या उदाहरणाने पटकन समजतं. २०२३ ते २०२७ या हंगामांचे हक्क बीसीसीआयने एकूण ४८,३९० कोटी रुपयांना विकले, पण एका गठ्ठ्याने नाही. भारतीय उपखंडातल्या टीव्हीचे हक्क वेगळे, डिजिटल वेगळे, परदेशातले आणखी वेगळे. म्हणून न्यू जर्सीतला मराठी माणूस भारतातल्या ॲपवर सामना बघायला गेला की ॲप त्याला अडवतं, कारण तिथल्या प्रेक्षकाचे हक्क दुसऱ्या कोणाकडे आहेत. तो माणूस पैसे द्यायला तयार असतो, ॲपला पैसे हवे असतात, आणि तरी व्यवहार होत नाही. इथे व्हीपीएन रोखण्याचा निर्णय ॲपने घेतला असला, तरी तो करारातल्या कलमांनी घ्यायला लावलेला असतो.

किमतींचंही असंच. एकच सबस्क्रिप्शन भारतात स्वस्त आणि अमेरिकेत महाग असतं. अमेरिकेत राहून व्हीपीएनने स्वस्त देश दाखवून घेतलेली प्रीमियम सबस्क्रिप्शनं यूट्यूबने २०२४ मध्ये रद्द करायला घेतली. यावर लोक चिडले, पण एका गोष्टीचा विचार करावा : देशवार किमती टिकल्या नाहीत, तर सगळीकडे एकच किंमत होईल, आणि ती बहुधा अमेरिकेची असेल. त्याचा फटका नागपूर-सोलापूरच्या विद्यार्थ्याला बसेल.

या सगळ्यात मला विकिपीडियाची पद्धत बरीच समंजस वाटते. तिथे व्हीपीएनवरून वाचायला कसलीही आडकाठी नाही. संपादन करायला गेलात तर मात्र ‘हा पत्ता प्रतिबंधित आहे’ असा संदेश येतो, आणि जागतिक पातळीवर अडवलेल्या पत्त्यांचा हा नियम मराठी विकिपीडियालाही लागू होतो. कारण अनुभवातून आलेलं आहे. बंदी घातलेला संपादक पाच मिनिटांत नवा पत्ता घेऊन परत येतो आणि तोच लेख पुन्हा नासवतो. ज्यांना व्हीपीएन खरोखरच गरजेचं आहे, त्यांना विनंती करून या बंदीतून सूट मिळवता येते. म्हणजे धोका जिथे आहे तिथे दार लावलं आणि जिथे नाही तिथे उघडं ठेवलं. बातम्यांची साइट, सरकारी योजनांची माहिती देणारं पान, रुग्णालयाच्या वेळा सांगणारं पान, अशा ठिकाणी नुसतं वाचायला आलेल्या माणसाला व्हीपीएनसाठी हाकलून देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. वाचणारा काय नेणार?

सरकारी आणि आर्थिक साइटची एक वेगळी बाजू आहे. हल्ल्याची भीती असली की परदेशातले सगळे पत्तेच बंद करणं हा सर्वांत झटपट उपाय असतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावाच्या दिवसांत एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांनी आपल्या वेबसाइट परदेशातून उघडण्यावर काही काळ निर्बंध घातले होते. अशा वेळी दुबईतला मराठी गुंतवणूकदार अडकतो, हे तर झालंच. पण हिंजवडीत बसलेला माणूसही अडकू शकतो, कारण त्याच्या लॅपटॉपवरचं ऑफिसचं व्हीपीएन कंपनीच्या सिंगापूरच्या किंवा जर्मनीच्या सर्व्हरमधून बाहेर पडतं. तो आहे पुण्यात आणि साइटला दिसतो परदेशात.

भारतातला पत्ता दाखवणारं व्हीपीएन घेतलं, तरी तो सर्व्हर भारतात असेलच असं नाही. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि इतर तपशील पाच वर्षं जपून ठेवायला सांगितले. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनने भारताचा पत्ता दाखवण्याची सोय सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून चालू ठेवली. अशा पत्त्याला कोणती यादी भारतीय म्हणते आणि कोणती सिंगापूरचा, यावर एखादी साइट उघडणार की नाही हे ठरतं. एकच साइट सकाळी उघडते आणि संध्याकाळी नाही, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं, की मधल्या काळात यादी बदललेली असते.

आता ज्यांच्यासाठी हे सगळे बंदोबस्त केले, ते अट्टल फसवे लोक थांबतात का? थोडेसे थांबतात. आळशी आणि नवशिके गळतात. मुरलेले लोक डेटा सेंटरचे पत्ते सोडून घराघरांतले पत्ते वापरतात. घरचे पत्ते त्यांना मिळतात कुठून, हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या काळजीचा आहे.

२०१५ मध्ये होला या लोकप्रिय फुकट व्हीपीएनबद्दल उघड झालं, की ते वापरणाऱ्यांच्या घरची इंटरनेट जोडणी दुसऱ्या नावाने पैसे घेऊन इतरांना वापरायला दिली जात होती. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ नावाचं जाळं उद्ध्वस्त केल्याचं जाहीर केलं. त्यात सुमारे २०० देशांमधले १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते अडकले होते. लोकांच्या कॉम्प्युटरवर ही घाण आली ती मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट व्हीपीएनच्या पोटातून. माणूस समजत होता आपण सुरक्षित झालो, आणि त्याच वेळी त्याच्या घरच्या पत्त्यावरून दुसरं कोणीतरी कर्जाचे खोटे अर्ज भरत होतं. अशा पत्त्यावर वेबसाइटना संशय येत नाही, कारण तो खरोखरच कोणाच्या तरी घराचा असतो. संशय पुढे कधीतरी येतो, तेव्हा त्या घरातल्या लोकांना व्हीपीएन बंद असतानाही साइट अडवायला लागतात आणि त्यांना कारण समजत नाही.

घरच्या पत्त्यांवर हात टाकायला साइट बिचकतात, त्यालाही कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने व्हीपीएन कंपन्या वापरत असलेले घरगुती पत्ते रोखायला सुरुवात केली, तेव्हा कधीही व्हीपीएन न वापरलेल्या लोकांच्या पडद्यावरूनही सिनेमे गायब झाले. मोबाइल कंपन्याही जुन्या पद्धतीचा एकेक पत्ता शेकडो ग्राहकांमध्ये वाटतात. म्हणजे एक पत्ता म्हणजे एक माणूस, हे गृहीतक आता व्हीपीएनशिवायही खोटं ठरतं, आणि तरी असंख्य साइट अजून त्याच गृहीतकावर चालतात.

दुसरे मार्ग निघाले आहेत. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या प्रायव्हेट रिले या व्हीपीएनसारख्याच सोयीमध्ये बाहेर दिसणारे पत्ते आणि त्यांचा साधारण प्रदेश कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे साइटला देश तरी खरा कळतो. प्रायव्हसी पास या पद्धतीत तुमचा फोन ‘हा विश्वासार्ह ग्राहक आहे’ एवढंच सांगणारं टोकन, म्हणजे एक डिजिटल बिल्ला, देतो, तुमचं नाव-गाव त्यातून कळत नाही. २०२४ मध्ये ते इंटरनेटच्या मानकांमध्ये आलं. हे सर्वत्र रुळलं, तर फोटोतले सिग्नल शोधत बसण्याची वेळ बरीच कमी होईल.

तोवर साइट अडलीच तर आधी सर्व्हर बदलून पाहावा, शक्यतो जवळच्या शहरातला घ्यावा. त्या साइटवर तुमचं अकाउंट असेल तर लॉगिन करावं, कारण ओळखीच्या अकाउंटला पत्त्याच्या पापाचा त्रास कमी होतो. बँक, यूपीआय आणि सरकारी कामं यांच्यासाठी व्हीपीएनच्या सेटिंगमधून तेवढी ॲप वगळता येतात, बाकीचं व्हीपीएनमधूनच चालू राहतं. बँकेची ये-जा तशीही सांकेतिक रूपातच होत असते, त्यामुळे वगळल्याने फार काही बिघडत नाही. काही कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन फक्त तुमच्यापुरता वेगळा पत्ता देतात. त्यावर साइट कमी अडतात, पण गर्दीत मिसळण्याचा फायदा जातो, हे घेण्यापूर्वी लक्षात घ्यावं. आणि घरातल्या कोणाच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर अनोळखी कंपनीचं फुकट व्हीपीएन असेल, तर ते आजच काढून टाका आणि त्यानंतर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलून घ्या.